निष्क्रिय रडार, डिजिटल दूरचित्रवाणीवर आधारित

स्वतः लहरी न सोडता, दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाचे प्रतिध्वनी टिपून विमान वा जहाज शोधणारी प्रणाली. कल्पना रडारइतकीच जुनी आहे : २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॉट व आर्नल्ड विल्किन्स यांनी इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या लघुलहरींवरून हेफर्ड बाँबफेकी विमान टिपले होते.

एक अँटेना प्रक्षेपकाकडे, दुसरा निरीक्षणाच्या दिशेने रोखतात. दोन्हींकडील संकेतांची संगणकावर तुलना करून विलंबावरून अंतराचा आणि डॉप्लर परिणामावरून गतीचा अंदाज घेतात. एकाच प्रक्षेपकावरून लक्ष्य एका लंबवर्तुळावर आहे एवढेच कळते. नेमक्या स्थानासाठी प्रतिध्वनीची दिशा किंवा आणखी प्रक्षेपक लागतात. युरोपात रुजलेल्या डीव्हीबी-टी या डिजिटल दूरचित्रवाणी संकेताची रुंदी सुमारे ७.६ मेगाहर्ट्‌झ असल्याने मार्गाच्या लांबीतील सुमारे ४० मीटरांचा फरक ओळखू येतो. दूरचित्रवाणीऐवजी एफएम रेडिओचे प्रक्षेपण वापरले तर ही अचूकता कार्यक्रमानुसार बदलते, निवेदक थांबला की घसरते. डिजिटल संकेत मात्र कार्यक्रम कोणताही असो, सारखाच राहतो. हाच त्याचा सर्वांत मोठा गुण.

खरी कसोटी थेट येणाऱ्या संकेताची. क्षीण प्रतिध्वनी त्याखाली बुडतो, म्हणून हा थेट संकेत आधी गणिताने वजा करावा लागतो. शिवाय प्रक्षेपण जमिनीकडे झुकलेले असल्याने फार उंचावरील विमाने निसटू शकतात. जर्मनीतील हेन्सोल्ट कंपनीची ट्विन्व्हिस प्रणाली एफएम, डीएबी (डिजिटल रेडिओ) व डीव्हीबी-टी हे तिन्ही संकेत वापरते.