यकृताच्या पुनर्निर्मितीपासून कर्करोगावरील प्रतिकार-उपचारापर्यंत : ची झेंग यांच्या संशोधनकार्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासलेखनात एखाद्या शोधाची कथा बहुधा त्या शोधाच्या तारखेपासून सुरू होते. त्यापूर्वीची दीर्घ वाटचाल आणि निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी एकमेकींना नकळत पुरविलेली सामग्री यांचा उल्लेख ओझरताच होतो. आण्विक जीवशास्त्राच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण तेथे एकाच रेणूचा प्रवास अनेक विद्याशाखांतून होत असतो.

सिंगापूरच्या संशोधिका ची झेंग यांचे कार्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यांनी १९९८ पासून ज्या प्रथिनकुलाचा पाठपुरावा केला, त्याचे नावच ‘पुनर्निर्माणशील यकृतातील फॉस्फटेज’ असे आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘पी.आर.एल.’ म्हणतात. उंदराच्या वाढत्या यकृतात प्रथम आढळलेल्या या प्रथिनाचे एक भावंड पुढे कर्करोगाच्या प्रसाराशी निगडित असल्याचे दिसून आले आणि त्याच्याविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा आढावा घेतला आहे. त्यातून एक प्रश्न तपासावयाचा आहे : पाठ्यपुस्तकातील सर्वमान्य नियमात न बसणारे निरीक्षण हाती आल्यास संशोधकाने काय करावे, आणि त्याच्या प्रतिपादनास विज्ञानविश्वाने कोणत्या पुराव्यावर मान्यता द्यावी?

यकृताची वाढ : प्रश्नाची पूर्वपीठिका

यकृताचा काही भाग काढून टाकला तरी उरलेला भाग वाढून मूळ वजन भरून काढतो, हे एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात होते. तथापि या घटनेला काटेकोर प्रायोगिक रूप मिळाले ते १९३१ मध्ये. अमेरिकेतील मेयो क्लिनिक येथील जॉर्ज हिगिन्स आणि रूबेन अँडरसन यांनी पांढऱ्या उंदराच्या यकृताचा सुमारे दोनतृतीयांश भाग शस्त्रक्रियेने काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. उंदराचे यकृत अनेक खंडांत विभागलेले असल्याने ठरावीक खंड मुळाशी बांधून काढता येतात आणि उरलेल्या खंडांस इजा होत नाही. सात ते दहा दिवसांत यकृताचे वजन जवळजवळ पूर्ववत होते. काढलेले खंड पुन्हा उगवत नाहीत. उरलेलेच मोठे होतात. त्यामुळे ‘पुनर्निर्मिती’ हा शब्द रूढ असला, तरी शास्त्रीयदृष्ट्या ही भरपाईची वाढ होय.

या पद्धतीचे महत्त्व तिच्या नियमितपणात आहे. निरोगी प्रौढ यकृतात विभाजन पावणाऱ्या पेशी अत्यल्प असतात. शस्त्रक्रियेनंतर मात्र त्या जवळजवळ एकाच वेळी विभाजनाच्या मार्गाला लागतात आणि साधारणतः चोवीस तासांच्या सुमारास उंदराच्या यकृतपेशींतील डीएनएची निर्मिती शिखरावर असते. इच्छित क्षणी सुरू होणारी आणि गरज संपताच थांबणारी वाढ अभ्यासकांना येथे उपलब्ध झाली. कर्करोग ही न थांबणारी वाढ असल्याने या प्रारूपाकडे कर्करोग-संशोधकांचे लक्ष जाणे स्वाभाविक होते.

वाढीची आज्ञा कोठून येते, हा पुढचा प्रश्न होता. बोस्टन येथील नॅन्सी बूकर यांनी सहकाऱ्यांसह १९५१ मध्ये रक्ताभिसरण जोडलेल्या उंदरांच्या जोड्यांवर प्रयोग केले. एका उंदराच्या यकृताचा भाग काढला असता दुसऱ्याच्या अखंड यकृतातही पेशीविभाजन वाढले. १९६७ मध्ये फ्रेडरिक मूल्टन आणि बूकर यांनी या निष्कर्षास अधिक बळकटी दिली. वाढीचा संदेश रक्तातून वाहतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. १९८४ मध्ये जपानमधील तोशिकाझु नाकामुरा व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया केलेल्या उंदरांच्या रक्तद्रवातून यकृतपेशींचा वृद्धिघटक अंशतः शुद्ध केला. संदेश बाहेरून येतो हे कळले, तरी तो मिळाल्यावर पेशीच्या आत पहिल्या काही तासांत काय घडते, याचे उत्तर मिळणे बाकी होते.

पी.आर.एल.-१ : नावात राहिलेला इतिहास

हे उत्तर शोधण्याचे काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रिबेका टॉब यांच्या प्रयोगशाळेने हाती घेतले. १९९१ मध्ये या गटाने वाढत्या यकृतात तातडीने जागृत होणाऱ्या जनुकांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत ४१ जनुके पूर्वी अज्ञात होती. त्यांपैकी एकाचे सविस्तर वर्णन १९९४ मध्ये आले. ते जनुक एका लहान फॉस्फटेजचे, म्हणजे प्रथिनावरील फॉस्फेटचा अंश काढून टाकणाऱ्या विकराचे होते. त्यास पी.आर.एल.-१ असे नाव मिळाले. पेशींत त्याचे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढविले असता पेशींच्या वाढीची रीत बदलते, असेही दिसून आले.

याच प्रयोगशाळेने १९९६ मध्ये आणखी एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. इंटरल्युकिन-६ हे रोगप्रतिकारयंत्रणेतील संदेशवाहक प्रथिन ज्या उंदरांत नव्हते, त्यांच्या यकृताची पुनर्निर्मिती सदोष होती. यकृताची वाढ आणि रोगप्रतिकार हे दोन स्वतंत्र विषय नसून त्यांच्यात संदेशांची देवाणघेवाण होते, ही जाणीव त्यातून दृढ झाली. टॉब स्वतः पुढे औषधनिर्मितीकडे वळल्या. त्यांच्या पुढाकाराने विकसित झालेल्या रेस्मेटिरोम या यकृतविकारावरील औषधास २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पी.आर.एल.चा धागा मात्र दुसऱ्या खंडात उचलला गेला.

सिंगापूरमधील आरंभ

सिंगापूर येथील आण्विक व पेशी जीवशास्त्र संस्थेची स्थापना १९८५ मध्ये झाली. तेथे काम करीत असताना ची झेंग यांनी वानजिन हाँग आणि वाय. एच. टॅन यांच्यासह १९९८ मध्ये उंदरातील दोन नव्या प्रथिनांचे वर्णन केले. पी.आर.एल.-१ शी साम्य असल्याने त्यांना पी.आर.एल.-२ आणि पी.आर.एल.-३ अशी नावे देण्यात आली. येथे एक ऐतिहासिक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. पी.आर.एल.-३ हे सामान्य अवस्थेत मुख्यतः स्नायूंत आढळते. यकृताशी त्याचा संबंध कुलनामापुरताच होता.

या कुलातील प्रथिनांच्या शेपटीस मेदस्वरूपाचा एक अंश जोडला जातो आणि त्यायोगे ती पेशीपटलाच्या आतील बाजूस चिकटतात. झेंग यांच्या गटाने २००० मध्ये ही बाब प्रयोगाने दाखविली. पी.आर.एल.-३ पेशीच्या आत, परंतु अगदी काठावर राहते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

तोपर्यंत हे संशोधन मूलभूत जीवरसायनशास्त्राच्या कक्षेत होते. २००१ मध्ये अमेरिकेतील बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला आणि चित्र पालटले. आतड्यातून यकृतात पसरलेल्या गाठींतील जनुकांची तपासणी करताना त्यांना पी.आर.एल.-३ चे प्रमाण ठळकपणे वाढलेले आढळले. अभ्यासलेल्या १८ पैकी १८ दुय्यम गाठींत हे दिसले. न पसरलेल्या गाठींत आणि निरोगी ऊतीत ते कमी होते. ज्या रेणूचे नाव यकृतावरून पडले, तोच यकृतात येऊन रुजलेल्या कर्करोगात सापडावा, हा योगायोग लक्षणीय होय. मात्र आढळणे आणि कारणीभूत असणे यांत अंतर असते. ते भरून काढणारा पुरावा झेंग यांच्या गटाने २००३ मध्ये दिला. पी.आर.एल.-१ किंवा पी.आर.एल.-३ अधिक प्रमाणात असलेल्या पेशी अधिक वेगाने स्थलांतर करतात आणि उंदरांत दुय्यम गाठी निर्माण करतात, असे त्यांनी दाखविले.

पेशीच्या आतील लक्ष्य

यापुढचा टप्पा झेंग यांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक धाडसाचा म्हणता येईल. कर्करोगावर प्रतिपिंडे वापरण्याची पद्धत तोपर्यंत प्रस्थापित झाली होती. रिटुक्सिमॅबला १९९७ मध्ये आणि ट्रॅस्टुझुमॅबला १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली होती. या दोन्हींची लक्ष्ये पेशीच्या बाह्य पृष्ठभागावर आहेत. प्रतिपिंड हा आकाराने मोठा रेणू असून तो अखंड पेशीपटल ओलांडून आत जात नाही. म्हणून पेशीच्या आतील प्रथिने हे त्याचे लक्ष्य होऊ शकत नाही, असे पाठ्यपुस्तके सांगत. पेशीच्या आतील बदल ओळखण्याचे काम टी-पेशींकडे सोपविलेले आहे, हे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांच्या १९७४ मधील कार्याने प्रस्थापित झाले होते. त्या कार्यास १९९६ चे नोबेल पारितोषिक लाभले. नियम भक्कम पायावर उभा होता.

तरीही झेंग यांच्या गटाने पी.आर.एल.-१ आणि पी.आर.एल.-३ विरुद्धची प्रतिपिंडे उंदरांस टोचून पाहिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही प्रथिने बाळगणाऱ्या कर्कपेशींपासून होणाऱ्या दुय्यम गाठी त्यामुळे रोखल्या गेल्या. अपवादात्मक निष्कर्षाबाबत पहिली शंका अशी घेतली जाते की, तो एखाद्या विशिष्ट रेणूच्या विचित्र वर्तनाचा परिणाम असावा. म्हणून २०११ च्या निबंधात या गटाने पी.आर.एल.-३ सोबत आणखी दोन आंतरपेशीय प्रथिने घेतली. त्यांपैकी एक होते प्रयोगशाळेत खूण म्हणून वापरले जाणारे हिरवे प्रकाशमान प्रथिन, तर दुसरे होते एका विषाणूचे कर्कजनक प्रथिन. तिन्ही बाबतींत प्रतिपिंड किंवा लसीकरण यांमुळे गाठींची वाढ कमी झाल्याचे त्यांनी नोंदविले. यांतील हिरव्या प्रथिनाची निवड विशेष मार्मिक आहे. त्याचा कर्करोगाशी काहीही संबंध नाही. त्यामुळे परिणाम दिसला तर तो त्या प्रथिनाचे कार्य बंद पडल्याने झाला, असे म्हणण्यास जागा उरत नाही. प्रतिपिंडाने पेशी ओळखली आणि प्राण्याच्या रोगप्रतिकारयंत्रणेने ती नष्ट केली, हेच स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक ठरते.

मानवी उपयोगासाठी घडविलेल्या ‘पी.आर.एल.३-झुमॅब’ या प्रतिपिंडाचे वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ मधील निबंधात ११ प्रकारच्या कर्करोगांतील नमुन्यांपैकी सरासरी ८०.६ टक्क्यांत पी.आर.एल.-३ वाढलेले असल्याची नोंद आहे. त्याच निबंधात यंत्रणेविषयीचे स्पष्टीकरणही आले : गाठीतील कर्कपेशींच्या पृष्ठभागावर पी.आर.एल.-३ चा काही अंश उघडा पडतो, प्रतिपिंड त्यास चिकटते आणि भक्षकपेशी व नैसर्गिक मारकपेशी यांना पाचारण करते. अर्थात, प्रतिपिंड पेशीत शिरते असा दावा येथे नाही. लक्ष्यच बाहेर डोकावते, असे प्रतिपादन आहे. या अर्थाने जुना नियम मोडला नाही, तर त्याच्या गृहीतकाची मर्यादा उघड झाली. ‘आतील’ आणि ‘बाहेरील’ ही विभागणी निरोगी पेशीच्या निरीक्षणातून आली होती. गाठीतील रोगग्रस्त पेशी ती पाळेलच, याची खातरी कोणी करून घेतलेली नव्हती.

मूल्यमापनाचा प्रश्न

या कार्याचे मूल्यमापन करताना संयम आवश्यक आहे. प्रयोगशाळेतील उंदराची गाठ आणि रुग्णाचा अनेक उपचारांनंतर बळावलेला कर्करोग यांत मोठे अंतर असते. मानवावरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा चाचणीचा प्रमुख हेतू सुरक्षितता तपासणे हा असतो, आणि हे प्रतिपिंड रुग्णांना सहन होते, असे तिच्यातून दिसले. उपचार परिणामकारक आहे किंवा कसे, हे सिद्ध करणे हे अशा चाचणीचे कार्य नव्हे. तो निर्णय पुढील टप्प्यांच्या, तुलनेची सोय असलेल्या चाचण्यांनीच होऊ शकतो.

शिवाय पी.आर.एल. प्रथिनांच्या मूळ कार्याविषयीचे आकलनही बदलत गेले आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये जपान व कॅनडा येथील गटांनी ही प्रथिने मॅग्नेशियमची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या प्रथिनांशी जोडली जातात, असे दाखविले. फॉस्फेट काढणारे विकर म्हणून नाव मिळालेल्या रेणूचे महत्त्वाचे काम कदाचित निराळेच असावे, अशी चर्चा त्यातून सुरू झाली. नाव जुन्या माहितीवर पडते. माहिती बदलली तरी नाव टिकते.

समारोप

१९३१ मधील शस्त्रक्रियेपासून २०२३ मधील चाचणीपर्यंतचा हा प्रवास ९२ वर्षांचा आहे. त्यातील कोणत्याही टप्प्यावर पुढील टप्प्याचा अंदाज बांधता आला नसता. हिगिन्स व अँडरसन यांच्यापुढे प्रतिपिंडांचा विचार नव्हता, टॉब यांच्या ४१ जनुकांच्या यादीत कर्करोगावरील औषध दिसत नव्हते, आणि झेंग यांनी १९९८ मध्ये नोंदविलेले पी.आर.एल.-३ तीन वर्षे केवळ एका कुलातील सदस्य म्हणून ओळखले जात होते. अल्पकालीन उपयुक्ततेच्या निकषावर संशोधनप्रकल्पांची छाननी करणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेने या बाबीची दखल घ्यावयास हवी.

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तरही याच इतिहासात सापडते. नियमाविरुद्ध जाणारे निरीक्षण दडपून टाकणे योग्य नव्हे, तसेच त्याच्या आधारे नियम रद्द झाल्याची घोषणा करणेही योग्य नव्हे. झेंग यांनी हिरव्या प्रथिनासारखे नियंत्रण निवडून आपल्याच निष्कर्षाची कसोटी अधिक कठीण केली, हा त्यांच्या कार्यातील सर्वाधिक अनुकरणीय भाग होय. पी.आर.एल.३-झुमॅबचे भवितव्य काहीही ठरो, महाविद्यालयीन वर्गात ‘प्रतिपिंडे बाहेरील लक्ष्यांवर, टी-पेशी आतील लक्ष्यांवर’ हे वाक्य शिकविताना ते कोणत्या पेशींविषयी आणि कोणत्या पुराव्यावर सांगितले गेले, हेही विद्यार्थ्यांसमोर ठेवावयास हवे.