खोडता येणाऱ्या चिपचा मागोवा

आर्डुइनोच्या बोर्डावर आज काही सेकंदांत प्रोग्रॅम चढतो. चुकला तर दुरुस्त करायचा, पुन्हा चढवायचा. एम्बेडेड क्षेत्राचा इतिहास बहुधा प्रोसेसरच्या वेगाने मोजतात. मला तो चूक कळल्यापासून ती सुधारेपर्यंतच्या वेळात मोजावासा वाटतो.

अपोलो यानांतल्या संगणकाचा प्रोग्रॅम चक्क विणला जाई. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमला, रेथिऑनच्या कारखान्यात, कामगार स्त्रिया बारीक तार चुंबकीय कड्यांमधून ओवत. तार कड्यातून गेली की १, बाहेरून गेली की ०. असे ३६,८६४ शब्द. विणायला आठवडे लागत, म्हणून उड्डाणाच्या कितीतरी आधी प्रोग्रॅमवर अखेरचा हात फिरवावा लागे.

पुढचं पाऊल एका बिघाडातून पडलं. इंटेलमध्ये डव्ह फ्रोमन सदोष चिपांचा तपास करत होते. जोडणी तुटून अधांतरी राहिलेल्या ट्रान्झिस्टरच्या गेटवर विद्युतभार साचतो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या दोषातच त्यांना मेमरी दिसली. १९७१ साली खोडून पुन्हा लिहिता येणारी ही मेमरी, म्हणजे ईप्रॉम, आली. पहिल्या १७०२ चिपमध्ये फक्त २५६ बाइट मावत. चहूबाजूंनी इन्सुलेशन असलेल्या गेटवर जास्त व्होल्टेजने इलेक्ट्रॉन ढकलले की ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. त्यांना बाहेर काढायला अतिनील किरण लागतात. साधी काच ते अडवते, म्हणून चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची खिडकी.

१९८० साली आलेल्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरमध्ये ४ किलोबाइट रॉम आणि १२८ बाइट रॅम होती. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून मायक्रोकंट्रोलर शिकलेल्या पिढ्यांची सुरुवात बहुतेक याच चिपने झाली. मूळ ८०५१ चा प्रोग्रॅम कारखान्यातच कोरलेला येई. प्रयोगासाठी खिडकीवाली ८७५१ घ्यायची, नाहीतर ८०३१ ला बाहेरून ईप्रॉम जोडायची. मग रोजचा क्रम ठरलेला. अतिनील इरेझरच्या पेटीत पंधरा-वीस मिनिटं, मग प्रोग्रॅम लिहिणारं प्रोग्रॅमर यंत्र, मग पाय न वाकवता सॉकेटमध्ये. खिडकीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर आवृत्तीचा क्रमांक. एक चिप पेटीत असताना दुसरी सर्किटमध्ये चाले. एका स्वल्पविरामासाठी अर्धा तास जाणार हे ठाऊक असलं की माणूस कोड कागदावर छापून ओळ न् ओळ तपासतो. ती सवय मला आजही मोलाची वाटते.

खिडकी गेली ती विजेनेच खोडता येणाऱ्या मेमरीमुळे. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरी मांडली. १९९३ साली मायक्रोचिपची पीआयसी१६सी८४ आली आणि छंदिष्टांसाठी दार उघडलं: अतिनील दिवा नको, महागडा प्रोग्रॅमर नको, पीसीचा प्रिंटर पोर्ट आणि मोजके सुटे भाग पुरत. अ‍ॅटमेलने ८०५१ ला फ्लॅश दिली. नॉर्वेतल्या ट्रोनहाइमच्या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून त्याच कंपनीची एव्हीआर मालिका उभी राहिली. आर्डुइनो २००५ साली इटलीतल्या इव्हरेआच्या एका संस्थेत तिच्यावरच बेतला गेला. त्याच संस्थेत हर्नांदो बारागान यांनी आधी केलेला वायरिंग प्रकल्प हा त्याचा पाया. हे श्रेय फार कमी वेळा दिलं जातं, म्हणून इथे आवर्जून नोंदवतो.

आर्डुइनोतली कळीची गोष्ट म्हणजे बूटलोडर. चिपमध्ये बसलेला हा छोटा प्रोग्रॅम नवा प्रोग्रॅम सिरियलवरून घेतो आणि तिथल्या तिथे लिहितो. चिप आता स्वतःच स्वतःला खोडू लागली. २०१४ च्या ईएसपी८२६६ चिपने त्यात वायफाय आणलं आणि छतावरच्या यंत्राचा प्रोग्रॅम खाली बसून बदलता येऊ लागला. अर्ध्यावर वीज गेली तर? म्हणून ईएसपी३२ मध्ये दोन कप्पे ठेवता येतात: नवा प्रोग्रॅम दुसऱ्या कप्प्यात उतरतो आणि नीट चालला नाही तर जुन्यावर परत जाता येतं. अपुरं काम विकून नंतर अपडेट पाठवायची खोड मात्र याच सोयीने लावली, आणि ती मला खुपते.

२०२१ च्या रास्पबेरी पाय पिकोतल्या आरपी२०४० चिपमध्ये स्वतःची फ्लॅश नाही. ती बोर्डावर वेगळी असते. यूएसबीवरून प्रोग्रॅम घेणारा चिपचा बूटलोडर १६ किलोबाइटच्या रॉममध्ये आहे, जुन्या ८०५१ सारखाच कारखान्यात कोरलेला. तो कुणालाच खोडता येत नाही, म्हणून वापरणाऱ्याने फ्लॅशमध्ये काहीही लिहिलं तरी बोर्ड पुन्हा उभा करता येतो.