दिनविशेष : १३ एप्रिल १२०४
कॉन्स्टँटिनोपलची लूट

निघाले होते जेरुसलेम सोडवायला. लुटली मात्र ख्रिस्ती जगातलीच सर्वांत श्रीमंत नगरी. चौथ्या क्रुसेडचे सैनिक आजच्या दिवशी कॉन्स्टँटिनोपलमध्ये मोकाट सुटले, ते तीन दिवस.

मूळ दुखणं उधारीचं. ३३,५०० माणसं नेण्यासाठी व्हेनिसने ८५,००० चांदीचे मार्क ठरवून गलबतं बांधली. प्रत्यक्षात माणसं जमली जेमतेम एक तृतीयांश. पैसे कुठून येणार? वृद्ध, दृष्टी गेलेला पण हिशेबाला पक्का व्हेनिसचा डोजे (शासक) एन्रिको दांदोलो याने फौजेकडून आधी झारा हे ख्रिस्ती बंदर जिंकून घेतलं. मग गादीसाठी धडपडणाऱ्या एका बायझंटाइन राजपुत्राने दोन लाख मार्क कबूल केले. तो सम्राट झाला, पण पैसे फेडता येईनात. शेवटी त्याचाच खून झाला, आणि थकलेली फौज उधारी वसूल करायला शहरावरच तुटून पडली.

हागिया सोफिया या भव्य चर्चमधली चांदी वाहायला खेचरं थेट आत नेली आणि ती गुळगुळीत फरशीवर घसरून पडली, असं तिथला इतिहासकार निकेतास लिहितो. धर्माच्या नावाखालची ही उघड दरोडेखोरी.

व्हेनिसच्या वाट्याला शहराचे तीन अष्टमांश आले. बायझंटाइन ग्रीकांनी १२६१ मध्ये राजधानी परत मिळवली. तिथून पळवलेले चार धातूचे घोडे मात्र आजही व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्येच आहेत.