कै. वासुदेवशास्त्री खरे आणि पटवर्धनी पत्रें

पाटणांत एका परिचित गृहस्थांच्या माळ्यावर निघालेला मोडी कागदांचा एक रुमाल गेल्या वर्षीं प्रस्तुत लेखकाकडे वाचनासाठीं आला. तेरा पत्रें आहेत. बहुतेकांवर ‘छ’ घालून मुसलमानी महिन्याचा चंद्र दिला आहे; वर्ष मात्र नाहीं. अशा कागदांचें काय करावें, या विवंचनेंत ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड पुन्हां खालीं काढले, आणि त्यांच्या संपादकाविषयीं चार शब्द लिहावेसे वाटले.

वासुदेव वामन खरे यांचा जन्म इ. स. १८५८ मध्यें गुहागर येथें झाला. संस्कृताचें अध्ययन त्यांनीं साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकर यांजपाशीं केलें. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलांत थोडे दिवस काढून ते मिरजेस गेले व तेथील हायस्कुलांत संस्कृत शिकविण्यांत त्यांची बहुतेक हयात गेली. त्यांचीं काव्यनाटकें येथें प्रस्तुत नाहींत. १८९२ त नाना फडणविसांचें चरित्र व १८९७ पासून लेखसंग्रह, हें त्यांचें खरें कार्य. संग्रहाचे बारा भाग त्यांच्या हयातींत निघाले. १९२४ त ते वारल्यावर पुढील काम त्यांच्या चिरंजीवांनीं चालविलें.

हरभट पटवर्धनांचे वंशज मिरज, तासगांव, कुरुंदवाड येथें नांदले आणि मोहिमांवरून घरीं लिहीत राहिले. गोपाळरावांच्या हैदरावरील स्वाऱ्या, परशुरामभाऊंचा धारवाडचा वेढा, १७९५ ची खर्ड्याची लढाई, हें सर्व त्या पत्रांत आहे. परंतु त्याबरोबरच छावणींतील धारण, चाऱ्याची टंचाई, सावकाराचा तगादा व घरच्या दुखण्याची काळजीही आहे. बखरींत जें सांपडत नाहीं तें नेमकें हेंच.

अशा पत्रांचा काल ठरविणें हें संपादकाचें पहिलें काम. सुहूर सन लिहिला असेल तर प्रश्न नाहीं: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, त्यांत ५९९ मिळविले कीं १७६० च्या मृगापासून सुरू होणारें पानिपतचें वर्ष. सन नसेल तर चंद्र व मराठी महिना यांची सांगड पाहावी. ती दोन-तीन वर्षें टिकते व पुन्हां बत्तीस-तेहतीस वर्षांनीं येते. त्यांत वार मिळाला कीं बहुधा एकच वर्ष उरतें. एवढेंही नसेल तर मजकूर व शेजारचें पत्र हाच आधार. पाठ लावून अन्वय करण्याची संवय असलेल्या शास्त्र्यास हें काम साधावें यांत नवल नाहीं.

राजवाडे गांवोगांव फिरले; शास्त्रीबोवा एका घराण्याच्या दप्तरापाशीं ठाण मांडून बसले. पत्रांबरोबर त्यांनीं कथासूत्र लिहिलें, त्यामुळें सामान्य वाचकासही वाट सांपडते. पण आमचे मतें यांतच एक धोका आहे. सूत्र इतकें सुबोध कीं पुष्कळजण तेंच वाचून पत्रें सोडून देतात. आणि सूत्र लिहिणाऱ्याची दृष्टि पटवर्धनांच्या व नानांच्या बाजूनें झुकलेली आहे. शिवाय छापलें तें निवडून छापलें. म्हणून छापील खंड हातीं आहे, आतां मूळ कागद कशाला, हें म्हणणें चुकीचें.

हें संग्राहक बंधूंस उद्देशून मुद्दाम लिहीत आहें. आमच्या रुमालांतील शिक्क्यांचीं पत्रें कोणी हौशी गृहस्थ पूर्वींच काढून घेऊन गेले, असें मालक सांगतात. सुंदर शिक्का चौकटींत बसला. पण त्याच पत्रांत सन असण्याचा संभव अधिक, आणि त्यांच्या आधारानें लागणारा बाकीच्यांचा कालही त्यांबरोबर गेला. ज्यांच्या संग्रहीं अशीं सुटीं पत्रें असतील त्यांनीं तीं कोणत्या घरून, कोणत्या रुमालांतून आलीं एवढें तरी पाठीमागें निराळ्या चिठीवर टिपून ठेवावें. मूळ कागदावर शाई लावूं नये.

तेरांपैकीं एका पत्रांत सन निघाला. त्याच्याच घडींत दुमडलेलें दुसरें पत्र मजकुरावरून त्याच सालचें ठरलें. अकरा अद्याप तशींच आहेत.