क्रॉस हार्प
ब्लूज हार्मोनिका वाजवण्याची प्रमुख रीत. हिच्यात दहा छिद्रांची डायटॉनिक हार्मोनिका मूळ पट्टीत न वाजवता तिच्या पंचमाला षड्ज मानून वाजवतात. ‘सी’ पट्टीच्या वाद्यावर ‘जी’ हा षड्ज होतो. त्यामुळे महत्त्वाचे स्वर श्वास आत ओढून निघतात आणि कोमल निषाद पाचव्या छिद्रावर आयता मिळतो. ओढीचा स्वर वाजत असताना जिभेची जागा बदलून तोंडातील पोकळीचा आकार बदलला, की तो स्वर खाली उतरतो, हेच ‘बेंडिंग’. दुसऱ्या छिद्रावर स्वर दोन, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर एक अर्धस्वरापर्यंत उतरतो. तिसऱ्यावरचा कोमल गांधार असाच साधतो. भरीव नादासाठी वाद्य ओठांत खोलवर धरावे, घसा व जबडा सैल ठेवावा, श्वास पोटातून घ्यावा आणि एकेक स्वर संथपणे लांबवण्याचा रियाझ करावा. श्वासाचा जोर वाढवल्यास नाद चिरका होतो. शिकागोत नावारूपाला आलेल्या लिटल वॉल्टरने हार्मोनिका व मायक्रोफोन एकत्र ओंजळीत धरून ॲम्प्लिफायरवर गडद नाद मिळवला. १९५२ चे ‘ज्यूक’ हे त्याचे प्रसिद्ध ध्वनिमुद्रण.