एका शंकूचा आवाज

माझ्या खोलीत प्लायवुडची दोन खोकी आहेत. प्रत्येकात दहा सेंटिमीटरचा एकच स्पीकर. वरच्या स्वरांचा ट्वीटर नाही, खालच्या स्वरांचा वूफर नाही, दोघांत आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर नाही. तानपुरा लावला की जवारीचा झंकार आणि खर्जाची तार एकाच ठिकाणाहून येतात. असे सगळे स्वर एकट्याने वाजवणारे ‘फुल रेंज’ स्पीकर म्हणजे काही हौशांचे खूळ, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मला मात्र ते स्पीकरचे मूळ घराणेच वाटते.

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी बिनकर्ण्याचा स्पीकर जगापुढे मांडला. कागदाचा शंकू, त्याला चिकटवलेले तारेचे वेटोळे, भोवती चुंबक आणि शंकू मोकळा हलावा म्हणून मऊ कड. पुढच्याच वर्षी तो बाजारात आला. गाणे एकाच शंकूने म्हणायचे, हे तेव्हा गृहीतच होते.

अडचण वरच्या स्वरांची होती. कंपने वेगाने होऊ लागली की सगळा शंकू एकदम हलत नाही. मधला भाग हलतो आणि कडा मागे राहतात. इंग्लंडच्या पॉल व्हॉइट यांनी यावर काढलेला तोडगा मला आजही सुंदर वाटतो. मोठ्या शंकूच्या पोटात, त्याच वेटोळ्यावर त्यांनी एक छोटा शंकू बसवला. वरचे स्वर छोट्याचे, खालचे मोठ्याचे, पण दोघांना हलवणारा हात एकच.

खर्जासाठी व्हॉइट खोलीच्या कोपऱ्याकडे वळले. त्यांचा घरगुती कर्णा कोपऱ्यात उभा राही आणि दोन्ही भिंती त्या कर्ण्याचेच काम पुढे चालवत. अशा कर्ण्यातल्या स्पीकरला थोडी वीज पुरे. त्या काळचे व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर जेमतेम काही वॉट देत, म्हणून हे फार मोलाचे होते. व्हॉइट १९५० मध्ये कॅनडाला गेले. इंग्लंडमध्ये त्यांची परंपरा लाउदर कंपनीने चालवली.

आपल्याकडच्या व्हॉल्व्ह रेडिओतही बहुधा एकच स्पीकर असे. ठाण्यात बनलेल्या मर्फी रेडिओवर ज्यांनी नाट्यगीते ऐकली, त्यांनी फुल रेंजच ऐकला, नाव माहीत नसताना.

वाट बदलली ती १९५४ च्या सुमारास. एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून लहान खोक्यातून खोल खर्ज काढला. ही रचना मात्र वॉट भरपूर खाते. पुढे ट्रान्झिस्टरने वॉट स्वस्त केले आणि काटकसरीची गरज उरली नाही. दोन-तीन स्पीकरची खोकी घरोघर आली. त्यांचा सांधा बहुधा सेकंदाला दोन ते तीन हजार कंपनांच्या आसपास पडतो, नेमका कान सर्वांत तीक्ष्ण असतो तिथे. चांगला कारागीर तो बेमालूम जुळवतो, हे मान्य. स्वस्त खोक्यात मात्र गायकाचा ‘स’ एकीकडून आणि ‘आ’ दुसरीकडून आल्यासारखा मला ऐकू येतो.

जपानने एकेरी शंकू सोडला नाही. १९६४ मध्ये फोस्टर कंपनीचा एफई१०३ आला. माझ्या खोक्यांत त्याच वंशाचा स्पीकर आहे. तेत्सुओ नागाओका यांनी अशा स्पीकरसाठी घरी करवतीने कापून जोडता येतील असे कर्णे आखले. त्यातला एक हंसासारखा उंच मानेचा असून त्याला ‘स्वान’च म्हणतात.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. माझ्या खोक्यांवर मोठा वाद्यवृंद गोंधळतो आणि आवाज वाढवला की तारसप्तक टोचते. विलंबित एकतालातल्या एका बंदिशीत तबल्याचा दायाँ स्पष्ट वाजे, पण डग्ग्याचा घुमारा कुठेतरी हरवायचा. महिनाभर हे सोसल्यावर व्हॉइट आठवले. दोन्ही खोकी ओढून कोपऱ्यांत नेली आणि तोंडे तिरकी वळवून बसवली. तीच बंदिश पुन्हा लावली. समेवर डग्गा आला.