शस्त्रक्रियेनंतरचा डिलिरियम : मेंदू-आलेखाने निदान

शस्त्रक्रियेनंतर वृद्ध रुग्णाचे लक्ष, भान आणि विचारांची संगती एकाएकी बिघडणे म्हणजे शस्त्रक्रियोत्तर डिलिरियम. तो बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतो आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहतो. सकाळी नातवंडांची चौकशी करणारा रुग्ण संध्याकाळी मुलालाही ओळखत नाही. मोठ्या नियोजित शस्त्रक्रियांनंतर साधारण १५ ते २५ टक्के वृद्धांत तो आढळतो. खुब्याचे हाड मोडल्यावर किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर हे प्रमाण आणखी वाढते.

सलाइनची नळी उपसणारा, आरडाओरडा करणारा रुग्ण कोणाच्याही लक्षात येतो. खरी काळजी निपचित पडून राहणाऱ्याची. हाक मारली की तो डोळे उघडतो, ‘हं’ म्हणतो आणि पुन्हा मिटून घेतो. ‘भुलीचा अंमल आहे अजून, झोपू द्या’ असे म्हणत घरचे आणि वॉर्डातले दोघेही निर्धास्त राहतात. वृद्धांत हाच शांत प्रकार नेहमीचा, आणि नेमका तोच निसटतो.

निदानाचा पाया आजही खाटेशेजारची तपासणी हाच आहे. शॅरन इनोये यांनी १९९० मध्ये मांडलेली ‘कॅम’ पद्धत जगभर वापरली जाते. अतिदक्षता विभागासाठी तिचे वेगळे रूप आहे. ‘फोर-एटी’ या छोट्या चाचणीत रुग्णाला डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगतात. ऐकू कमी येणारा, शाळा न पाहिलेला किंवा घशात नळी असलेला रुग्ण इथे अडतो. शिवाय पाळीतली परिचारिका तपासेल त्याच घटकेला रुग्ण भानावर असू शकतो.

म्हणून मेंदूच्या विद्युत आलेखाकडे, म्हणजे ईईजीकडे, लक्ष वळले. हान्स बर्गर यांनी माणसाचा पहिला ईईजी १९२४ मध्ये नोंदवला. पुढे १९४० च्या दशकात जॉर्ज एंगेल आणि जॉन रोमॅनो यांनी दाखवले की डिलिरियममध्ये आलेख मंदावतो आणि भान जितके हरपते तितका तो अधिक मंदावतो. जाग्या, डोळे मिटलेल्या निरोगी माणसात सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी ठळक असतात. डिलिरियममध्ये त्या विरळ होतात आणि चारांहून कमी आवर्तनांच्या डेल्टा लहरींचा वाटा वाढतो. दारू एकदम सुटल्याने होणारा डिलिरियम मात्र याला अपवाद आहे; त्यात आलेख उलट वेगवान दिसतो.

पूर्ण ईईजीला बरेच इलेक्ट्रोड, तंत्रज्ञ आणि वाचणारा तज्ज्ञ लागतो. रोज प्रत्येक वृद्धामागे ते शक्य नाही. नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथील संशोधकांनी मोजक्या इलेक्ट्रोडांवरून काही मिनिटांत डेल्टा लहरी हेरण्याची पद्धत विकसित केली. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात कपाळावरच्या पट्टीचे, हातात मावणारे यंत्र अभ्यासले गेले. आलेख घेताना रुग्णाला डोळे मिटून स्थिर राहायला सांगतात, कारण बुबुळांची हालचालही डेल्टासारखीच उमटते. झोपेत डेल्टा लहरी स्वाभाविक असतात, स्मृतिभ्रंशात आलेख आधीच मंद असतो आणि गुंगीच्या औषधांनीही तो बदलतो. त्यामुळे यंत्राचा इशारा हा संशय मानायचा. शस्त्रक्रियेआधीचा आलेख हाताशी असला तर तुलना नेमकी होते.

शस्त्रक्रिया चालू असताना ईईजी पाहून भूल बेताची ठेवली तर डिलिरियम टळतो का, हा वेगळा आणि अजून वादाचा प्रश्न आहे. २०१९ मधील ‘एंगेजेस’ चाचणीत १,२३२ रुग्णांत फायदा दिसला नाही: ईईजीनुसार भूल दिलेल्यांत २६ टक्के, इतरांत २३ टक्के. २०२१ मधील एका अभ्यासात मात्र हलक्या भुलीच्या गटात १९ आणि गाढ भुलीच्या गटात २८ टक्के रुग्णांना तो झाला.

आलेख कारण सांगत नाही. ते रुग्णाजवळच शोधावे लागते: जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, कमी झालेले सोडियम, न शमलेली वेदना, झोपेच्या गोळ्या. चष्मा आणि कानाचे यंत्र परत देणे, दिवसा उजेडात बसवणे, रात्री झोप मोडू न देणे आणि ओळखीचे माणूस जवळ ठेवणे हे उपचाराचेच भाग आहेत. हॅलोपेरिडॉलसारखी औषधे रुग्णाला स्वतःपासून किंवा इतरांना त्याच्यापासून इजा होण्याचा धोका असेल तेव्हाच, तीही कमीत कमी मात्रेत देतात. निपचित पडलेल्या रुग्णात त्यांचा उपयोग नाही.